चुन्याची रेघ

महांतेशनं बहिणीसाठी इरकल लुगडं आणलं होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं. "हेच नेसून चल, सुकू. रजिस्ट्री झाली की हॉटेलात जेवू."

बापाच्या शेतावरचा हक्क सोडून द्यायला बहीण निघाली की भावानं तिला लुगडं-चोळी करायची, ही उदगीरकडची रीत. सुकन्याची मावशी अशीच नेसून गेली, आत्याही गेली. त्यांची अव्वा, म्हणजे आई पार्वतम्मा, जात्यावर म्हणायची:

काय वाटा मागू, मला लिंबाची सावली,
चोळीच्या खणावर बहीण बोळवली.

लातूरहून आलेल्या सुकन्याच्या मनात काही नव्हतं. शेत महांतेशअण्णाचं, माहेर आपलं. ती एवढंच म्हणाली, "वाटंत अव्वाला भेटून जाऊ."

अव्वा शेतातच होती. लिंगायतांच्या रीतीनं लिंबाखालच्या मातीत बसवून पुरलेली, वर दगडी ओटा. पण आज शेतात तुरीचा खुंटसुद्धा नव्हता. प्लॉट पाडायला चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि एक रेघ ओट्यावरून सरळ गेलेली.

"अण्णा, हे काय?"

"रस्ता यायलाय तिथं. दगड मठात नेऊन ठिवू."

"दगड नेशील रे. अव्वाला कुठं नेशील?"

महांतेशनं गाडी चालू केली.

रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "राजीखुशीनं सोडायलात का, ताई?"

सगळ्या बहिणी इथं "हाव, सोडते" म्हणतात.

"न्हाई," ती म्हणाली. "कायद्यानं अर्धं माझं हाय न्हवं? लिंबाकडचं अर्धं मला द्या."

साहेबांनी आता मान वर केली.

बाहेर आल्यावर महांतेश भडकला. "गावात कुण्या बहिणीनं वाटा घेतलाय? एकीचं नाव सांग!"

तिला एकही नाव आठवलं नाही.

"सांग की! लई कायदा शिकलीस. आता पंचमीला तुला माहेरी न्यायला कायदाच येतो का बघ."

गाडी धुरळा उडवत गेली. सुकन्याच्या पिशवीत भाच्यांसाठी केलेले लाडू तसेच राहिले.

ऑटो करून ती शेतावर आली. गाव पलीकडंच दिसत होतं, भावाच्या घराचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. तिकडं तिचं पाऊल वळेना. ओट्यापाशी बसून नव्या इरकलाच्या पदरानं ती रेघ पुसू लागली. खरबरीत दगडात चुना घट्ट बसलेला. निम्मा निघाला, निम्मा पदराला लागला.

"अव्वा," ती म्हणाली, "पंचमीला मी इथंच येते बघ."

आणि पदर उलटा करून पुन्हा पुसू लागली.