मालनचा ताप

मंगळवारच्या बाटलीत माझ्या बायकोचा ताप सापडला. मालनला जाऊन आठ महिने झाले होते.

मी सांडपाण्याचे नमुने गोळा करतो. गटाराच्या चेंबरमध्ये दोरीने बाटली सोडायची, भरली की बर्फाच्या पेटीत घालून लॅबला द्यायची. वस्तीत कसली साथ येतेय, ते माणसं दवाखान्यात जायच्या आधी पाण्यावरून कळतं.

"मामा, एकशे तीन आहे," लॅबच्या तांबोळी मॅडम म्हणाल्या. "नाव मालन. ओळखीची आहे का?"

"घरचीच."

"मग पळा. पाच वाजता लाइनीत क्लोरीन सोडतायत. त्यात काही उरत नाही. तिच्या घरची बाटली गरम आणून दाखवा, मी थांबवते."

काम नेहमीचंच. पाण्याच्या उलट चढत जायचं. दोन लाइनी मिळतात तिथे दोन्हीत बाटली सोडायची. जी गरम लागेल ती लाइन धरायची. पन्नाशीनंतर मी असा पळालो नव्हतो.

पहिलं झाकण बैलगाडीच्या चाकाएवढं होतं. तेली गल्लीत ते परातीएवढं झालं, पुढे ताटलीएवढं. गल्लीही तशीच होत गेली. दोन्ही भिंतींना खांदे घासत होते आणि मला हसू येत होतं. बाटली हातात धरवत नव्हती.

गल्ली आमच्याच न्हाणीघराच्या दाराशी संपली. कडी आतून होती. आत कोणीतरी पाणी ओतत होतं.

"सगळ्या गावाचं पाणी तपासलंत," मालन आतून म्हणाली. "आपल्या मोरीचं तेवढं राहिलं."

"ताप उतरला नाही का?"

"कसा उतरेल? तुम्ही कुठं होता?"

"ड्युटीवर."

"त्यात काय नवीन."

दाराखालून पाणी येत होतं. मी बाटली लावली. ती भरत गेली, तसा आतला आवाज बारीक होत गेला. काठोकाठ भरली तेव्हा न्हाणीघराचं दार आपोआप उघडलं. आत कोरडी फरशी होती आणि पालथा तांब्या.

बाटली चटका देत होती. पाचला दहा मिनिटं होती. लॅब आठ मिनिटांवर, आणि बाटली गरमच पोचवायची होती.

"अहो," बाटलीतून मालन म्हणाली, "बर्फ आहे का?"

ती गेली त्या दिवशीही तिने बर्फच मागितला होता. पेटी ड्युटीवर होती, मीही.

आज पेटी माझ्या खांद्याला होती. मी ती खाली ठेवली आणि झाकण उघडलं.