भिंतीनं ओळखलेला हात

मुकुंदसायबाची जिरवायची म्हणूनच मी चार वर्षं ह्या कंपनीत झाडू मारला. न्हाईतर कवाच सोडून गेले असते.

चाकणच्या ह्या कंपनीत मी आधी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते, अन् मुकुंदसायेब आमचा मॅनेजर. माल लवकर निघावा म्हणून सायबानं हात मधी आला की मशीन थांबवणारा सेफ्टी सेन्सर बंद ठेवायला लावला, आन् माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. कागदावर त्यानं लिवलं, घरी कडबाकुट्टीत गेली. आमच्या कुरुळीच्या घरात कडबाकुट्टी सोडा, शेळीबी न्हाई! मग मला झाडू दिला, वर म्हणतो, "उपकार मान." मेल्या, तुझे उपकार!

यंदा त्यानं नव्या कामगारांना शिकवायला एक खोली करून घेतली. भिंतभर मशीनचं चित्र. बटण न्हाई, काय न्हाई. समोर हवेत हात हलवला की चित्रातलं मशीन चालतं, थांबतं. ती बनवणारी पोरगी तनुजा. भिंतीला हात ओळखायला शिकवायचं तर पन्नास माणसांचे हात दाखवावे लागतात, म्हणाली. सायेब म्हणाला, "प्रॉडक्शन सोडून कोण येणार? झाडूवालीचा घे, ती रिकामीच असते." म्हणून महिनाभर मीच भिंतीपुढं हात हलवत बसले.

शेवटी तनुजा घाबरली. "मावशी, भिंत तीन बोटांचाच हात ओळखतीय. सरांना दोनदा मेल केला, ते वाचतच नाहीत."

"मग राहू दे की बाई," मी म्हणलं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

उद्घाटनाला आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या मोठ्या बाई आल्या, वर्षाली मॅडम. सायबानं ऐटीत हात हलवला. भिंत ढिम्म. परत हलवला. घाम फुटला त्याला. मी दाराशीच होते. झाडू ठेवला, पुढं झाले आन् हात वर केला. चित्रातलं मशीन झटकन चालू.

मॅडमनी माझ्या हाताकडं बघितलं. मग स्वतःची दोन बोटं मिटून हात वर केला. मशीन थांबलं.

"बाई, तुमची बोटं कशानं गेली?"

"घरी, मॅडम, घरी गेली," सायेब मधी घुसला.

"तुमाला न्हाई इचारलं त्यांनी," मी म्हणलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात बघून बोलले. लई बरं वाटलं. "हितंच गेली, मॅडम. दोन नंबरच्या प्रेसवर. सेन्सर आजबी बंद हाय. चला, दावते."

सायबानं हात जोडले. मला! "शालनबाई, नोकरी जाईल हो माझी."

"व्हय," मी म्हणलं, आन् मॅडमना घेऊन प्रेसकडं निघाले.