अधांतरी दगड

टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. नेहरू नगरहून, तुलसी नगरहून रिक्षा भरभरून माणसं येत होती. समुद्रापासून इतक्या दूर, भोपाळात, सागरनाथ महाराजांनी समुद्र आणला होता! पाच फूट लांब काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, दोन्ही बाजूंना प्रवाळाच्या खडबडीत दगडांचे खांब आणि मधोमध नारळाएवढा एक दगड, कशालाही न टेकलेला. त्याच्याभोवती बुडबुड्यांचा पडदा अखंड वर चढत होता.

"हे बुडबुडे म्हणजे दगडाचा श्वास!" महाराज गरजले. "नामाने दगड तरतो, तर तुमची मूत्रपिंडं तरणार नाहीत? रक्तदाब, सांधे, सासूचा जाच, सगळ्यावर या टाकीतलं एकच सागरतीर्थ! सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक. सव्वा महिना. डॉक्टर की गोली बंद!"

"महाराज, सासूच्या जाचावर कुणी प्यायचं? सासूने का सुनेने?" मागून लीलाकाकूंनी विचारलं.

"दोघींनी!" हॉल हसला.

कांचन हसली नाही. तिच्या शेजारी खुर्चीत तिचे वडील बसले होते. भालचंद्रअण्णांनी तीस वर्षं कारखान्यात फिटरचं काम केलं होतं. आता मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं होतं आणि आईने, मालतीबाईंनी, गोळ्यांची डबी देव्हाऱ्यामागे सारून पाच आठवडे त्यांना तीर्थ पाजलं होतं. अण्णांच्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दोन खोल्या चालले की धाप लागायची.

कांचन टाउनशिपच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. एक वाटी तीर्थ तिने आटवून पाहिलं होतं. खाली राहिलेलं मीठ शाळेच्या तराजूत भरलं साडेतीन ग्रॅम.

"दोन वाट्यांचं सात, आई. त्यांना हे विष आहे."

"तुझ्या तराजूत श्रद्धा मोजता येते का गं?" मालतीबाई फणकारल्या होत्या. "तो दगड कशावर उभा आहे ते आधी सांग. मग मी वाटी खाली ठेवीन."

म्हणून कांचन चार दिवस पहिल्या रांगेत बसून नुसती बघत होती. आज तिला दिसलं. बुडबुड्यांच्या आत, खांबापासून दगडापर्यंत, चहाच्या डागासारखी एक पुसट रेघ होती. समोरची काच शिष्य रोज पुसत होता, पण आत हात घालून ती रेघ कुणी घासली नव्हती.

ती उठली आणि तिने टाकीमागच्या हवेच्या पंपाचा प्लग ओढला.

"अहो मास्तरीणबाई, श्वास तोडू नका! दगड पडेल!" महाराज ओरडले.

"पडू दे. बघू तरी."

 बुडबुडे विरळ झाले, थांबले. पाणी स्थिर झालं. दगड जागचा हलला नाही, पण ती रेघ आता सगळ्यांना दिसली. करंगळीएवढी जाड, सरळ, तपकिरी.

"लीलाकाकू, हे शेवाळ आहे," कांचन म्हणाली.  "असं पाण्याच्या मधोमध सरळ रेषेत ते कशावर वाढेल?" तिने बाही सारून हात आत घातला, नखाने खरवडलं. खाली ॲक्रिलिकचा पारदर्शक दांडा होता. "खांबाला भोक, दगडाला भोक, मध्ये हा दांडा आणि पाण्यात टिकणारा गोंद. माशांवर दगड कोसळू नयेत म्हणून मासे पाळणारे हौशी लोक असेच आधार देतात. नवा दांडा पाण्यात नजरेला सहसा येत नाही. उरलेलं बुडबुडे झाकतात."

"ये तो सिर्फ सहारा है, बेटी! असली शक्ती तर..."

"नामाला सहारा कशाला लागतो हो, महाराज?" लीलाकाकूंनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात अण्णा खुर्चीतूनच हळू आवाजात म्हणाले, "भोक पाडून कडा घासलीय. फिटरचा हात आहे. दांडा नाही दिसला मला, पण ती गोल कड पहिल्याच दिवशी दिसली. दगड आपणहून इतका गोल फुटत नाही."

कांचन ओल्या हाताने तशीच उभी राहिली. "मग प्यालात कशाला, अण्णा?"

"डॉक्टर म्हणाले, आता कदाचित जन्मभर डायलिसिसचं मशीन. हे महाराज म्हणाले, सव्वा महिना." अण्णांनी धाप आवरली. "सव्वा महिना ऐकायला बरा वाटला, बेटा."

मालतीबाईंच्या हातात संध्याकाळची वाटी होती. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. गोळ्यांची डबी देव्हाऱ्यामागे आहे, ती घेऊन सरळ दवाखान्यात जाऊ."

त्या पाच आठवड्यांत मूत्रपिंडांचं किती नुकसान झालं आणि त्यातलं किती भरून येईल, हे डॉक्टरांनाही त्या दिवशी सांगता आलं नाही.

कांचन आता दरवर्षी नव्या वर्गाला या दगडाची गोष्ट सांगते. फसतात ते मूर्खच असतात असं नाही, घाबरलेला माणूसही फसतो, हे ती आधी सांगते. म्हणून चमत्कारापुढे हात जोडण्याआधी विचारा, हा दगड कशाला टेकलाय? आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाचीही गोळी बंद करू नका.