रंगपंचमीचा पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. गारगोटीजवळच्या एका गोठ्यात खुंटीला लटकतो. माझा पट्टा तुटलाय, निळा रंग विटलाय. पण माझी कीव करू नका, आधी ऐका.

नवा होतो तेव्हा कृष्णात मला पाठीवर घेऊन उसात उतरायचा. माझ्या पोटात तणनाशक असायचं. तण करपलं की लोक बांधावरून ओरडायचे, "पंप लई झ्याक हाय की, कृष्णाता!" मी फुगून जायचो. काम संपलं की तो मला पाटात एकदाच बुचकळायचा. बायको धोंडुबाई कुरकुरली की म्हणायचा, "गवताचं औषध हाय त्ये. आपण काय गवात हाय व्हय?"

आणि दर रंगपंचमीला माझ्यातच रंग कालवायचा! गल्ली भिजवायचा मान माझा.

त्या वर्षी लेक निशिगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. उसाला नुकतंच औषध मारलं होतं, त्याचा कडवट वास माझ्या नळीत तसाच होता. तरी कृष्णातनं माझ्यात रंग भरलाच. मला फार भीती वाटली. नोझल तुंबावा असं वाटत होतं, पण तो तुंबला नाही. निशिगंधा उंबऱ्यात उभी राहून चिंब भिजली, ओठांवरचा रंग पुसत हसली, "आप्पा, बास की आता!"

पुढच्या आठवड्यात गावात कृषी खात्याच्या बाई आल्या. पंप कसा धुवायचा ते बघायला कृष्णातनं मलाच नेलं. बाई म्हणाल्या, "हे औषध शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतं, असं बेडकांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून नक्की ठाऊक नाही. पण गरोदर बाईला यापासून लांबच ठेवा."

"एकदा बुचकळून धुतला तर?" कृष्णातनं हळूच विचारलं.

"नळीत, वायसरात राहतंच."

त्यानं घरी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त रोज लेकीला विचारायचा, "पोर हालतंय न्हवं?"

नात झाली. धडधाकट. तरी त्याच्या जिवाचा घोर गेला नाही.

परवाच्या रंगपंचमीला तीच नात मला ओढत घेऊन आली. "आज्जा, ह्यात रंग भर की!" कृष्णात तिच्यावर पहिल्यांदाच खेकसला. मला हिसकावून फेकलं आणि साबणानं तिचे हात धुऊ लागला.

"आज्जा, निघालं की समदं," ती म्हणाली. तो धूतच राहिला.

मित्रांनो, औषधाचा पंप औषधालाच ठेवा. मी रिकामा दिसतो, एवढंच.