द्वारकाबाईंच्या मेंढरांची रेघ

मित्रांनो, मी एक जुनं जीपीएस यंत्र आहे. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ‘आपण कुठे आहोत’ ते सांगायचं, एवढंच माझं काम. मला घेतलं ते कोकणातल्या खाडीकाठच्या दलदलीसाठी. ती पुन्हा जिवंत करायची होती, म्हणून तिचा नकाशा हवा होता. दोन वर्षं चिखल तुडवला, तारीफही झाली. मग २००४ साली माझी बदली हिंगोली जिल्ह्यात झाली. इथे समुद्र नाही, हे बदली करणाऱ्यांना ठाऊक असावं.

हट्टा गावाजवळ मात्र एक गाळाने भरलेलं पाणथळ होतं. गाळ काढून ते पूर्वीसारखं करायचं ठरलं. सर्वेक्षक विजयकुमार मला घेऊन त्याच्या कडेने चालले, तेही ऐन मे महिन्यात. ओल दिसली तेवढं पाणथळ. नकाशावर ते भाकरीएवढं उमटलं.

मेंढरं राखणाऱ्या द्वारकाबाई हे बघत होत्या.

“साहेब, गाळ कुठं टाकनार?”

“त्या कोरड्या माळावर, मावशी.”

“माळ न्हाई तो. दिवाळीपातुर पाणी असतंय तिथं. पाणी हटलं की कोवळं गवत येतंय, होळीपातुर माझी मेंढरं त्याच्यावरच जगतेत. त्याच्यावर गाळ टाकला तर मी कुठं जाऊ?”

“यंत्र बराबर दाखवतं, मावशी.”

“त्याला काहून मधी घेता? चाललात तुमी.”

हे मला फार पटलं. माणूस चालेल तीच रेघ माझ्यात उमटते.

“ओल्यात उभं ऱ्हायलं की मेंढराचे खूर सडतेत. पावसाळ्यात त्यांला कुठून वळवायचं, ते मला ठावं हाय. द्या इकडं ते.”

मला तळहातावर धरून त्या निघाल्या. कोरड्या ठणठणीत जमिनीवर मध्येच वळत, मध्येच थांबत. इथे काय आहे, मला कळेना. उपग्रहांनाही कळत नसावं. विजयकुमारांनी एका वळणाच्या आतल्या बाजूला हातभर खणलं. काळा गाळ निघाला, त्यात पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख. मग ते द्वारकाबाईंच्या मागे चालू लागले.

नवा नकाशा पहिल्याच्या तिप्पट झाला. गाळ लोकांनी आपापल्या शेतात नेला. दिवाळीनंतर गवत आलं, तेव्हा विजयकुमारांनी तिथेच द्वारकाबाईंना नकाशा दाखवला.

“ह्याच्यात माझी मेंढरं कुठं हायत?”

विजयकुमारांनी कडेच्या रेघेवर बोट ठेवलं. “ही काय. समदी हितंच हायत.”

आता मी कपाटात आहे. आतले सेल पाझरले, ते कोणी काढलेच नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊ असेल, तर ठेवताना सेल काढा. आणि त्याला घेऊन जमिनीवर रेघ ओढायला निघालात, तर पावसाळ्यात तिथून मेंढरं कोण वळवतं, ते आधी विचारा.