साहेबांचं काचेचं तळं

मी बोलतेय ती या शहराची लाकडी प्रतिकृती. परदेशातल्या प्रदर्शनांत मला मांडायचं, तिकडच्यांनी ‘वा!’ म्हणायचं आणि आमच्या साहेबांनी कॉलर ताठ करायची, यासाठी माझा जन्म. साहेब म्हणजे महापालिकेचे प्रसिद्धी अधिकारी. शहराचं नाव जगभर करायचं काम त्यांच्याकडे. शहरात पायी फिरल्याचं मात्र कुणी ऐकलेलं नाही.

मला घडवलं पालिकेच्या सुतारानं. बिचाऱ्यानं गल्ली न् गल्ली बसवली. स्वतःच्या थोरल्या बहिणीची गल्लीसुद्धा, तिच्या शिवणाच्या दुकानासकट. ताईला मुद्दाम बघायला आणलं. “अगं बाई, माझं दार किती गोड केलंयस रे!” म्हणत ती हरखून गेली.

साहेबांनी नाक मुरडलं. “ही खुराडी परदेशात दाखवायची? अब्रू घालवता का? काढा ती, तिथं तळं बसवा.”

“साहेब, तिथं तळं नाहीये.”

“अहो, कोण येतंय बघायला!”

सुतारानं मुकाट्यानं गल्ली खरवडली आणि निळी काच चिकटवली. मला त्याचाही राग आला, पण नोकरीपुढे तो तरी काय बोलणार!

आणि झालं काय, तर प्रदर्शनात सगळे त्या तळ्यावरच भाळले. एका परदेशी शहराच्या महापौरबाईंनी तर दोन्ही शहरांचा मैत्री-करार तळ्याकाठीच करायचं ठरवून टाकलं. साहेबांची पाचावर धारण बसली. “बाई, ती काच आहे हो,” एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ रेटेल तर ना! परत येऊन त्यांनी तळं खणायचा हुकूम मिळवला.

गल्लीतल्यांनी हरकत घेतली, तिच्या सुनावणीत मलाच टेबलावर मांडलं. ताई म्हणाली, “माझं सगळं गिऱ्हाईक या गल्लीत आहे. उठवलंत तर मी खाऊ काय?”

साहेबांनी माझ्यावर छडी टेकवली. “कुठाय गल्ली? अख्ख्या जगानं इथं तळं पाहिलंय.”

सगळे अधिकारी फिदीफिदी हसले. निर्लज्ज कुठले! ताईनं भावाकडे पाहिलं, “अरे, तू तरी बोल.” तो फरशीकडे बघत राहिला.

गल्ली पडली, खड्डा खणला, टँकरनं पाणी भरलं. महापौरबाई आल्या, सही केली, फोटो काढले आणि चहासुद्धा न घेता विमानतळावर गेल्या. तळ्यात आता डास तेवढे सुखात आहेत.

मी पालिकेच्या दारात काचपेटीत बसून असते. येणारे-जाणारे माझं कौतुक करतात, मला त्यांची कीव येते. ताई शहराच्या कडेला, माळावरच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. सुतारच तिचं सामान पोचवून आला. परवा साहेबांनी पेटी उघडली, नेमकं त्या माळावर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाले, “हे काय उजाड दिसतंय! इथं छानशी बाग बसवा. पुढच्या महिन्यात परत परदेशी जायचंय.”

सुतार “हो साहेब” म्हणाला.

मला मेलीला पाय नाहीत, नाहीतर मीच गेले असते. अहो, तुमच्यापैकी कुणीतरी पळत जा आणि ताईला सांगा, गाठोडी उघडू नकोस म्हणावं.