पांढऱ्या घोड्यावरचा मारुती

माझा भाऊ मारुती जन्मात कधी घोड्यावर बसला नाही. हे आधी ऐकून घ्या, मग त्या सिनेमाचं कौतुक करा.

परवा तो जुना सिनेमा पुन्हा लागला, तशी शेजारची यमुनाबाई आली आणि डोळे मोठे करून सांगायला लागली, "मालनबाई, तुमचा मारुती मांडूच्या महालातून काय घोडा फेकतो हो." मी म्हटलं, बाई, आम्ही जीनगर. खोगिरं आम्ही शिवायची आणि बसायचं दुसऱ्यांनी. आमचे पणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर धारला आले ते खोगिरं शिवत आले, आणि आले ते पायी. त्या नटाच्या घोड्याचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, इतका ढिला बांधलाय की घोडा जरा उधळला तर तो मेला पहिल्याच वळणावर तोंडावर आपटेल. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. एकाच्याही डोळ्याला हे खुपलं नाही.

खरं काय झालं ते मी सांगते. दरबारात मोटारी आल्या, घोडे गेले, आणि वर ती मंदी. मारुतीच्या आरीला गंज चढला. शेवटी चपला शिवायला बसला तर लोक चपलाही घेईनात. तेवढ्यात सोनकच्छचे दोघे त्याला भेटले. देवासच्या एका सावकाराची पेढी लुटायची म्हणाले. आमचं येडं गेलं त्यांच्यामागे. सिनेमात त्याच्या दोन्ही हातांत पिस्तुलं आहेत. खऱ्याच्या कमरेला काय होतं, तर कातडं कापायची रापी.

आता देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. या पातीचा शिपाई त्या पातीत पाऊल टाकू शकत नाही. चोरांसाठी याहून सोयीचं गाव देवाने केलं नाही.

पेढी थोरल्या पातीत. पहाऱ्याला रघुजी, आणि त्याच्या हातात आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक. तिघे आत शिरलेले पाहून त्याने चाप ओढला आणि नळी त्याच्याच तोंडाशी फुटली. सोनकच्छचे दोघे पळाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मारुतीने रघुजीला खांद्यावर घेतलं, रस्ता ओलांडला आणि धाकट्या पातीतल्या दवाखान्यात नेऊन निजवलं, कारण तोच जवळ होता. तिथेच बसून राहिला असता तर थोरल्या पातीच्या शिपायांना हात चोळत बसावं लागलं असतं. पण रघुजी म्हणाला, माझ्या घरी कळव रे. आणि घर होतं थोरल्या पातीत. हा शहाणा निघाला कळवायला. रघुजीच्या बायकोला, रुक्मिणीला, दारात उभा राहून सांगत होता, तिथेच धरला.

रघुजी दुसऱ्या दिवशी गेला. जाण्याआधी बायकोला आणि तिथल्या कंपाउंडरला सांगून गेला की बंदूक आपोआप फुटली, त्या पोराने काही केलं नाही. कंपाउंडर म्हणाला, मी धाकट्या पातीचा माणूस, पलीकडच्या कचेरीत माझं बोलणं कोण ऐकतो. रुक्मिणी तेव्हा सुतकात होती, कचेरीत तिच्या वतीने तिचा दीर जयसिंगराव बोलला. तो दवाखान्यात गेलाच नव्हता, त्यामुळे रघुजीचं बोलणं कचेरीत पोचलंच नाही. मारुतीला फाशी लागली.

एक वाट राहिली होती. तिथल्या दसऱ्याच्या दरबारात जुनी रीत होती. ज्याचं माणूस गेलं त्याने गुन्हेगाराच्या घरच्यांच्या हातून सर्वांदेखत सोनं घ्यायचं, आपट्याचं पान. घेतलं तर राग सरला असं धरतात आणि फाशीची जन्मठेप होते. मी रुक्मिणीच्या पाया पडले. ती म्हणाली, "पाया काय पडता? घेईन की मी. आमच्या ह्यांनीच मला सांगितलंय, त्यांचं बोलणं मी खोटं पाडू का?" मला तेव्हा इतकं रडू आलं की तिनेच मला पाणी दिलं.

घटस्थापनेला मी धारहून मोटारीने देवासला गेले आणि तिच्याच घरी उतरले. तिच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या, तिच्या लेकीची वेणी घातली. दोघी बहिणींसारख्या राहिलो. आणि अष्टमीला गावात टांगा फिरायला लागला, वर ढोल, मागे रंगवलेला पडदा. "देवास का मारुती डाकू! सच्ची कहानी!" मैदानात तंबू लागला होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने मांडूला येऊन, शेजारच्या नालछा गावचे घोडे भाड्याने घेऊन, आमच्या दाराशी कुत्रंसुद्धा न पाठवता सच्ची कहानी तयार केली होती.

जयसिंगराव तिकिटं घेऊन आला. "चला वहिनी, अपने भिया की कहानी है." भिया म्हणजे त्याचा भाऊ, रघुजी. मीही गेले. तुरुंगात मला भेटू देत नव्हते. म्हटलं, निदान त्याचं नाव तरी कानावर पडेल.

पडद्यावर एक गोरापान, कुरळ्या केसांचा माणूस आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो मारुती. माझा भाऊ काळा, एका खांद्याने वाकलेला, हसला की तोंडावर हात धरणारा. हा तर दात दाखवत गाणं म्हणत होता. मला हसू यायला लागलं. मग पेढी आली. पहारेकरी गुडघ्यावर बसला, हात जोडले, म्हणाला, माझ्या घरी लेक आहे. मारुती हसला, आणि हसत हसत त्याने त्याच्या छातीत गोळी घातली. मग घोडा उडवून रस्ता ओलांडला, पलीकडून शिपायांना वाकुल्या दाखवल्या. तंबूत लोकांनी पैसे उधळले. रुक्मिणीने माझा हात धरला होता, तो सोडला.

घरी येताना ती माझ्या पुढे पुढे चालली. सकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, "ते हात जोडत होते."

मी म्हटलं, "अहो, तो नट होता. पोटासाठी सोंग करतात ते."

"लेकीचं नाव घेत होते."

"रुक्मिणीबाई, तुमच्या मालकांनी स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगितलंय. तुम्हीच मला सांगितलंत."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्यांच्या तोंडाला पट्ट्या होत्या, मालनबाई. शब्द नीट फुटत नव्हता. मी काय ऐकलं, कुणास ठाऊक. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं."

मी भांडले. शिव्या दिल्या, मग पदर पसरला. तिला वाईट वाटत होतं, खोटी नव्हती ती बाई. फक्त तिचा नवरा आता तिला दवाखान्यात दिसत नव्हता, गुडघ्यावर दिसत होता.

दसऱ्याला दरबार भरला. पुकारा झाला तशी मी पुढे गेले आणि पान धरलं. रुक्मिणी समोर उभी होती, पदर दोन्ही मुठींत घट्ट धरून. कारभाऱ्यांनी दोनदा विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि मागे सरली. बाहेर पोरं काठीचा घोडा करून "मारुती, मारुती" ओरडत होती.

शेवटची भेट मिळाली. तो गजाआड उकिडवा बसला होता. रुक्मिणीने काय केलं ते त्याला आधीच कळलं होतं. म्हणाला, "अक्का, त्यात मी घोड्यावर बसतो म्हणे?"

"बसतोस."

"कसा बसतो?"

मी म्हटलं, "छान बसतोस." त्याने हसून तोंडावर हात धरला. मी त्याला तंगाचं सांगितलं नाही.

त्याचा फोटो कधी काढला नव्हता. फोटो काढण्याजोगी आम्ही माणसं नव्हेच. सर्वपित्रीला मी त्याच्या नावाचं पान वाढते, डोळे मिटून त्याला आठवायला बसते. पहिली काही वर्षं तो यायचा. आता तो गोरा येतो, ढिल्या तंगाच्या घोड्यावरून, दात दाखवत. मी पुष्कळ हाकलला. जात नाही, आणि त्याच्या मागे दुसरं कुणी नसतं. भात निवत जातो. मग मी त्यालाच म्हणते, ये बाबा, जेवून घे.